पंचावन्न रुपयांच्या कपाचा हिशेब

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. नागपूरच्या बाजारात त्या दिवसांत सीताफळांची नुसती रेलचेल असते. कुणी गडचिरोलीकडून टोपल्या घेऊन येते, कुणी मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून. बर्डीवर रस्त्याच्या कडेला एक बाई दोन टोपल्या मांडून बसली होती. मला आमच्या बचतगटाच्या आइस्क्रीमसाठी फळे हवी होती. सवयीप्रमाणे मी भाव पाडायला सुरुवात केली. ती ऐंशी म्हणाली, मी साठ म्हटले. मग मी उठून जाण्याचे नाटकही केले. आपण सगळ्याच जणी ते करतो!

ती शांतपणे म्हणाली, "बाई, पहाटी तीनले उठून आली मी. एस्टीचं भाडं देल्लं. हे फळ उद्याले टिकत नाही, हे तुमाले बी माहीत हाय अन् मले बी. म्हणून तुमी भाव करून राहिल्या. लोखंडाच्या दुकानात करान का असा भाव?"

मी साठ रुपयांनीच फळे घेतली. जिंकल्याच्या आनंदात घरी आले. पण संध्याकाळी दुकानाच्या दाराशी उभी राहिले आणि आमच्याच पाटीकडे लक्ष गेले. आम्ही मोठ्या हौसेने रंगवून घेतले होते, 'शुद्ध, नैसर्गिक, घरगुती आइस्क्रीम'. मनात आले, या पाटीतले 'शुद्ध' नेमके कुठपर्यंत पोहोचते? फक्त कपापर्यंत?

थोडे मागचे सांगते. मी गृहिणी. कला शाखेची पदवी घेतली, लग्न झाले, मुले मोठी झाली आणि मग वस्तीतल्या बचतगटांच्या कामात ओढली गेले ती आजतागायत. आमच्या गटातल्या पाच जणींनी प्रतापनगरकडच्या एका घराच्या गॅरेजमध्ये आइस्क्रीमचे लहानसे दुकान काढायचे ठरवले, तेव्हा हिशेब आणि कागदपत्रे पाहायला त्यांनी मला बोलावले. मी 'थोडे दिवस' म्हणून गेले, तिथेच रमले. दोन डीप फ्रीजर, एक विजेवर फिरणारा पॉट, एक काउंटर, बाहेर दोन बाकडी. एवढाच संसार. एका वेळी सात-आठ लिटरच होते, जास्त नाही. संपले की संपले.

नागपूरला आइस्क्रीमचे कौतुक नवे नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे पारा जाणाऱ्या आमच्या गावात थंडाई, उसाचा रस, बर्फाचा गोळा आणि आइस्क्रीम ही चैन नसून गरजच असते म्हणा ना. आमच्या गावचे दिनशॉज तर १९३२ सालचे. गिट्टीखदानमध्ये दुधाचा धंदा करणाऱ्या एका पारशी कुटुंबाने लावलेले ते रोपटे. घरोघरी लाकडी बादलीचा पॉट असायचा. खडेमीठ आणि बर्फ भरायचा आणि आळीपाळीने दांडा फिरवायचा. मुले पहिल्या दहा मिनिटांत दमून पळायची आणि शेवटी दांडा आईच्याच हातात यायचा! मजा म्हणजे, हाताने फिरवायच्या या पॉटचे अमेरिकेतले पेटंट १८४३ साली एका बाईनेच घेतले होते. नॅन्सी जॉन्सन तिचे नाव. हे वाचले तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही. हात कुणाचे दुखत असणार, हे उघडच आहे.

तर पाटीच्या गोष्टीकडे येते. माझा पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. त्याला हा सीताफळवालीचा किस्सा सांगितला, तर म्हणतो, "मावशी, याला एथिकल सोर्सिंग म्हणतात. परदेशात लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात." मी म्हटले, बाबा रे, आपल्याकडे याला साधा शब्द आहे. कुणाच्या पोटावर पाय न देता आणलेला माल. शब्द साधा आहे, पण तसे वागायला गेले की किती कठीण, ते आम्हाला पुढच्या दोन वर्षांत कळले. तेच आज मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलायचे आहे.

पहिली परीक्षा आली ती एका विक्रेत्याच्या रूपाने. भर एप्रिलमध्ये एक तरुण दुकानात आला. त्याच्या पिशवीत तयार मिक्सचे पुडे होते. "ताई, दूध आटवायची झंझटच नाही. हे पाण्यात कालवा, पॉटमध्ये टाका. खर्च निम्मा." त्यात दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल होते. चव पाहिली, वाईट नव्हती. आमच्या गटातली एक जण पटकन म्हणाली, "कोणाले कळते, ताई? लेकराले गोड लागलं म्हंजे झालं."

तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या महिन्यात दुधाने आम्हाला रडवले होते. आइस्क्रीमच्या धंद्यातली मोठी गंमत ही की, उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढते आणि नेमके तेव्हाच म्हशी आटतात. हिरवा चारा नसतो, ऊन सोसत नाही, दूध कमी होते आणि भाव चढतो. मोह होतो तो याच वेळी.

पण कायदा काय म्हणतो, ते पाहून घेतले. आपल्या देशात ज्याला 'आइस्क्रीम' म्हणायचे त्यात स्निग्धता दुधाचीच हवी आणि साध्या आइस्क्रीममध्ये ती किमान दहा टक्के हवी. वनस्पती तेल वापरले तर त्याला 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावे लागते आणि तसे लिहावे लागते. २०१७ मध्ये यावरून दोन मोठ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. फ्रोझन डेझर्ट विकणे हा गुन्हा नाही. ज्याला ते परवडते त्याने ते खुशाल खावे. पण आम्ही पाटीवर आइस्क्रीम लिहायचे आणि आत तेल घालायचे, हे काही पटेना.

आणखी एक गोष्ट तेव्हा शिकले, ती तुम्हीही लक्षात ठेवा. आइस्क्रीम वजनावर नव्हे, मापावर विकतात. डब्यावर मिलीलीटर असतात, बघा. फिरवताना त्यात हवा भरली जाते आणि ते फुगते. एक लिटर मिश्रणाचे जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम होऊ शकते. म्हणूनच नियम असा आहे की, एक लिटर आइस्क्रीमचे वजन निदान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. हवा अजिबात नको असे नाही. हवा नसेल तर आइस्क्रीम दगडासारखे होईल. पण आपण पैसे कशाचे मोजतो, ते माहीत असावे. आम्ही आमचा कप तेव्हापासून वजनकाट्यावर भरू लागलो. शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम.

दुधाचा प्रश्न आम्ही असा सोडवला. आमचे दूध हिंगण्याकडच्या एका गवळी कुटुंबाकडून येते. एकदा आम्ही तिघी त्यांच्या गोठ्यावर गेलो. शेणघाण, चारापाणी, वासरांना सोडणे, कॅन धुणे, सगळे त्या घरच्या वहिनी करत होत्या. बिल मात्र दर महिन्याला दादांच्या नावाने आणि पैसेही त्यांच्याच हातात. आम्ही ठरवले, उन्हाळ्यात लिटरमागे भाव वाढवून द्यायचा, घासाघीस नाही. पैसे महिन्याने नाही, दर दहा दिवसांनी द्यायचे. आणि निम्मे वहिनींच्या खात्यात. दादा आधी हसले, मग गप्प झाले, मग तयार झाले. या विचारात नवे काही नाही. आमच्या शेजारी वर्ध्याला गोरस भांडार आहे. गांधी-विचारांच्या मंडळींनी गोपालकांच्या दुधाला हक्काचा गिऱ्हाईक मिळावा म्हणून ते उभे केले. वर्ध्याहून येणारा पाहुणा गोरस पाकाचा पुडा आणतो, तो तिथलाच. म्हणजे चांगुलपणाचाही धंदा होतो आणि तो टिकतो, याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे.

आता सीताफळ. या फळाची जातच नाजूक. झाडावरून उतरले की दोन दिवसांत मऊ होते. गर तापवला की कडवटपणा येतो, उघडा राहिला की काळपट होतो. म्हणून तो ताजा काढून लगेच गोठवावा लागतो. आणि काढायचा कसा? एकेक बी सुटी करून. पाच किलो फळातून जेमतेम दीड-दोन किलो गर हाती येतो आणि दोन बायकांची अख्खी दुपार जाते. मुंबईच्या नॅचरल्स आइस्क्रीमचे रघुनंदन कामत यांच्याबद्दल तुम्ही वाचले असेल. कर्नाटकातल्या मुल्कीच्या एका फळविक्रेत्याचा हा मुलगा. १९८४ साली त्यांनी जुहूला दुकान काढले. सुरुवातीला जोडीला पावभाजीही ठेवली. सीताफळाच्या आइस्क्रीमला त्यांनी घरोघरी पोहोचवले. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्यांच्या गोष्टीतला वडिलांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फळ कधी पिकते, किती तास टिकते, कुठल्या झाडाचे गोड, हे ज्ञान फळ विकणाऱ्याच्या घरात असते. रस्त्यावर बसलेल्या त्या बाईकडेही ते होते. मी तिला फक्त भाव विचारला.

पुढच्या हंगामात आम्ही रस्ता बदलला. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलाकाठच्या एका गावातल्या बचतगटाशी ओळख काढली. त्या बायका गर काढून, गोठवून, थर्माकोलच्या पेटीत पाठवायला तयार झाल्या. आम्ही आधी किलोला दीडशे देऊ म्हटले. म्हणजे बर्डीवरच्या भावाने स्वतः फळे आणून गर काढला तर आम्हाला जेवढा पडायचा तेवढाच. त्यांच्यातली एक म्हातारी आजी म्हणाली, "फळाचे पैशे देता, त हाताचे कोन देईन?" त्यांनी वेळ मोजून हिशेब मांडला. अडीचशे रुपये किलो. आम्ही मान्य केले.

त्याच गावाने आम्हाला मोहफुले दिली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह टपटप गळतो. उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन जंगलात असतात. वर्षानुवर्षे काय व्हायचे, तर हातात पैसा नसला की वेचलेला मोह लगेच व्यापाऱ्याला पडेल भावात द्यायचा आणि पावसाळ्यात गरज पडली की तोच चढ्या भावाने विकत घ्यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने यात फरक पडला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे तुम्हाला ठाऊक असेल. देशात तो अगदी सुरुवातीच्या गावांपैकी. जंगलातला बांबू, मोह, तेंदू यावर गावाचा अधिकार आला, तेव्हा भाव ठरवायला ग्रामसभा बसू लागली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलावरची जुनी बंधनेही सैल केली.

आम्ही वाळलेली मोहफुले भिजवून, शिजवून त्यांचा पाक काढतो आणि आइस्क्रीममध्ये थोडी साखर कमी करून तो घालतो. पहिल्या आठवड्यात दुकानात नुसता हशा! "वहिनी, चढणार नाही ना?" हा प्रश्न शंभर जणांनी तरी विचारला असेल. मोह म्हटले की आपल्याला दारूच आठवते. पण फूल गोड आहे, आंबवल्याशिवाय त्याची दारू होत नाही. आता आमच्या भागातल्या आज्या नातवांना हौसेने मोहाचा कप घेऊन देतात.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, सगळे छान जमले की! नाही हो. साखर राहिलीच.

आइस्क्रीममध्ये दुधाखालोखाल महत्त्वाची जिन्नस म्हणजे साखर. ती तर आपल्या प्रत्येकीच्या डब्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरायचा, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, एक दिवस खाडा झाला तर दंड. मग पाळीचा त्रास, पोटदुखी हे सगळे कामाच्या आड येते आणि तिशीतल्या बाईला पिशवी काढणेच सोपे वाटू लागते. मी हे गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. कुणी काही बोलले नाही. मग एकीने विचारले, "मग आपली साखर कुठली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. किराणा दुकानातल्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, ऊस तोडणारीचे नसते. गूळ घ्यावा, तर तोही उसाचाच. मोहाच्या पाकाने साखर थोडी कमी झाली, बंद नाही झाली. मग आम्ही एवढेच केले की, पाटीवरचा 'शुद्ध' शब्द काढून टाकला. दूध कुठले, सीताफळ कुठले, मोह कुठला, किती भावाने, ते खडूने फळ्यावर लिहितो. साखरेच्या पुढे लिहितो, 'बाजारातली'. काही गिऱ्हाइके विचारतात, हे कशाला लिहिता? मग सांगतो. सांगताना दोन मिनिटे तरी ऊसतोडणीच्या बाईचा विषय निघतो. तेवढेच हाती आहे.

चॉकलेटचेही तेच. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथल्या बागांत लहान मुले राबतात, हे वर्षानुवर्षे पुढे येत आहे. व्हॅनिलाचे फूल हाताने फळवायची सोपी रीत १८४१ मध्ये रीयुनियन बेटावरच्या एदमों आल्बियूस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. तिच्यावर साऱ्या जगाचा व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. त्या मुलाच्या पदरात मात्र काही पडले नाही. गोड वस्तूंचा इतिहास असा कडू आहे. म्हणून काय, खायचेच नाही? तसे मी म्हणत नाही. आम्ही चॉकलेट ठेवतो, कारण मुले तेच मागतात. पण आपल्या आवाक्यातले तेवढे आपण सुधारावे, असे म्हणते.

आता खरा कळीचा मुद्दा. एका रात्री मी एका खेपेचा हिशेब मांडला, जुन्या भावाने. आठ लिटर म्हशीचे दूध ६४० रुपये, साय २००, साखर ४५, सीताफळाचा गर ३७५, कप-चमचे ३२०, गॅस आणि वीज २५०. झाले १,८३०. जागेचे भाडे आणि फ्रीजरच्या हप्त्यातला वाटा ३००. एकूण २,१३०. ऐंशी कप, तीस रुपयांना एक. आले २,४०० रुपये. म्हणजे २७० रुपये नफा! सगळ्या जणी खूश. मग मी विचारले, एका खेपेला आपले तास किती जातात? दूध आटवणे, गर तयार करणे, पॉट लावणे, भांडी घासणे, संध्याकाळी काउंटरवर बसणे. मोजले तर चौदा तास भरले. २७० भागिले १४. तासाला एकोणीस रुपये.

खोलीत शांतता पसरली. मग आमच्यातली सगळ्यात लहान सून म्हणाली, "ताई, माझ्याकडे धुणीभांडीले येनारी मावशी याच्याहून जास्त घेते." आणि आम्ही हसत सुटलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही.

मैत्रिणींनो, आपण गवळ्याच्या बायकोचे, गडचिरोलीच्या आजीचे, ऊसतोडणीच्या बाईचे कष्ट मोजायला निघालो आणि स्वतःचे मोजायलाच विसरलो. का? कारण घरात आपण तेच करतो. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत दिसले की, घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ती कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. त्या पावणेपाच तासांची सवय अंगात इतकी भिनली आहे की, धंदा काढला तरी आपला वेळ आपल्याला फुकटचाच वाटतो. पापड असो, लोणचे असो, शिवणकाम असो. "घरीच तर करते, त्याचे काय घ्यायचे?" हे वाक्य मी शेकडो बायकांच्या तोंडून ऐकले आहे. माझ्याही तोंडून.

आणि यातून आणखी वाईट होते ते असे. जी बाई स्वतःच्या हातांचे पैसे लावत नाही, ती दुसरीच्या हातांचेही लावत नाही. मी बर्डीवर वीस रुपये पाडले ते दुष्टपणाने नव्हे. आमचा कप तीस रुपयांत बसवायचा होता म्हणून. स्वस्त विकण्याच्या नादात एक बाई दुसरीला आणि दुसरी तिसरीला पिळते. शेवटी गिऱ्हाईक म्हणते, "बचतगटाचे आहे ना, मग स्वस्त असेलच!" माझे स्पष्ट मत आहे की, बायकांच्या धंद्याला लागलेली ही सगळ्यात मोठी कीड आहे. मालाच्या पाटीवर 'घरगुती' लिहायचे आणि त्या घरगुतीचा अर्थ 'फुकटची मजुरी' असा घ्यायचा, हे थांबायला हवे.

आम्ही नवा हिशेब मांडला. गर अडीचशेच्या भावाने, म्हणजे त्याचे ६२५. आमची मजुरी तासाला साठ रुपये धरून ८४०. मशीन बिघडले तर, पावसाळ्यात विक्री बसली तर, म्हणून ५०० बाजूला. एकूण ३,७२०. ऐंशीपैकी दहा कप विकले जात नाहीत किंवा वितळतात, हे अनुभवाने ठाऊक होते. सत्तरने भागले, त्रेपन्न आले. आम्ही कपाचा भाव पंचावन्न केला.

काय झाले विचारता? पहिल्या महिन्यात विक्री निम्म्यावर आली. "तुम्हीसुद्धा मॉलवाल्यांसारख्या झाल्या," असे एक काकू तोंडावर म्हणून गेल्या. गटातली एक जण कंटाळून बाहेर पडली. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरी महिन्याचे पैसे महिन्याला लागत होते. कित्येक रात्री मलाही वाटले, तो मिक्सचा पुडा बरा होता.

सगळ्यात टोचले ते वेगळेच. शेजारच्या झोपडपट्टीतली दोन पोरे रोज तीस रुपये मुठीत घेऊन यायची. आता ती दारातूनच परत जायची. तेव्हा मात्र आम्ही डोके लढवले. पन्नास ग्रॅमचा छोटा कप काढला, तीस रुपयांना. लहान आहे, हे लपवले नाही. काट्यावर ठेवून दाखवतो. भाव पाडायचा नाही, माप लहान करायचे आणि ते सांगायचे. पोरे परत आली. हळूहळू मोठी माणसेही छोटाच कप मागू लागली. तेवढे गोड पुरते म्हणाली! वर्षभराने विक्री पूर्वीच्या तीन-चतुर्थांशावर आली. पण पूर्वी महिनाअखेरीला आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहायचो, आता चौघी मजुरीचे पैसे वाटून घेतो. पावसाळा अजून जड जातो. तेव्हा खेपा कमी करतो आणि त्या पाचशे-पाचशेच्या साठवणीवर निभावतो.

काही जण म्हणतात, हे सगळे चोचले पोट भरलेल्यांचे. ज्याला चार पैसे कमी मिळतात तो स्वस्तच घेणार. खरे आहे. पंचावन्नचा कप सगळ्यांना परवडणार नाही आणि आमच्या एका गॅरेजने साखर कारखान्यांचे काही बिघडणार नाही. पण स्वस्ताई कुणाच्या तरी कमी मजुरीतूनच निघते आणि बहुतेक वेळा ती मजुरी बाईची असते, हे आपण बायकांनीच नाही बोलायचे तर कुणी? आपल्या छोट्या गावांत तर हे सोपे आहे. दूधवाली आपल्याला नावाने ठाऊक असते. कैऱ्या, चिंच, सीताफळ विकणारी कुठल्या गावची, हे विचारता येते. मोठ्या शहरातल्या दुकानदाराला जे शोधत फिरावे लागते ते आपल्या दारात येऊन बसलेले असते.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आइस्क्रीम, पापड, मसाले, काहीही करायला निघाली असेल, तर पाटी रंगवायच्या आधी एक वही करा. त्यात मालाच्या किमतीखाली आपले तास लिहा. भीत भीत का होईना, त्यापुढे रुपये लिहा. घरच्यांनी हसू द्या.

ती बर्डीवरची बाई मला गेल्या दसऱ्यात पुन्हा दिसली. आता आमचा गर गडचिरोलीहून येतो, पण घरी खायला म्हणून दोन किलो घेतली. "कशी दिली?" विचारले. "शंभर," ती म्हणाली. मी शंभराने दोन किलोचे पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने मला ओळखले नाही. पैसे दोनदा मोजले, वर पाहिले आणि आपण होऊन दोन फळे पिशवीत जास्तीची टाकली.